लक्ष्मीनगरच्या गच्चीवरचे पॉट: एका बोन्साय-कुंडी संग्रहाच्या वाटणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या लक्ष्मीनगरात एक जुनं स्वतंत्र घर होतं. मालक खाण अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इथे काका म्हणू. ओळख पटू नये म्हणून माणसांच्या आणि काही वस्तूंच्या खुणा बदलल्या आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र झाला तसाच आहे.

काकांनी आधी झाडं जमवली. वड, उंबर, चिंच, बोगनवेल, जेड अशी नागपूरचा उन्हाळा सोसणारी झाडं. गुडघे दुखू लागल्यावर रोज दोन वेळा गच्ची चढणं होईना, तेव्हा त्यांचा जीव कुंड्यांकडे वळला. पॉटला पाणी घालावं लागत नाही, असं ते म्हणत. पुढची पंधराएक वर्षं ते हाताने घडवलेले बोन्साय पॉट घेत राहिले. काही जपानहून मागवले, काही कोलकाता-पुण्याच्या जुन्या छंदिष्टांकडून घेतले, काही परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून आले.

अशा पॉटला एवढे पैसे का पडतात, हे घरच्यांना कधीच पटलं नव्हतं. जपानमधलं तोकोनामे हे आइची प्रांतातलं गाव त्या देशातल्या मातीकामाच्या सहा प्राचीन भट्टी-केंद्रांपैकी एक. बोन्साय पॉटसाठी आज सगळ्यात जास्त नाव त्याचंच घेतलं जातं. तिथली लोखंडयुक्त माती बिनग्लेझ, म्हणजे काचेसारखा मुलामा न देता, भाजली की लालसर किंवा गडद तपकिरी होते. गोल पॉट चाकावर उठतो. लांबट चौकोनी पॉट मातीच्या पाट्या जोडून करावा लागतो. वाळताना आणि भाजताना माती साधारण दहा टक्के आक्रसते. ती सगळीकडून सारखी आक्रसली नाही तर काठ वाकतो नाहीतर कोपरा फाटतो. म्हणून मोठा, सरळ काठाचा, पायांवर नीट बसणारा चौकोनी पॉट मिळणं अवघड. शिवाय वापरात राहिलेल्या पॉटवर वर्षानुवर्षांच्या पाण्याने, हाताळण्याने एक शांत कांती चढते. ती विकत मिळत नाही. तोक्योत १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनात झाडाबरोबर पॉटही तितक्याच बारकाईने पाहिला जातो, तो यामुळेच.

काका गेले तेव्हा घरात साठेक पॉट होते. निम्म्यांत झाडं उभी होती, बाकीचे वरच्या खोलीत वर्तमानपत्रांत गुंडाळलेले.

अडचण

घर फ्लॅट स्कीमला द्यायचं आधीच ठरलेलं होतं. बिल्डरला मेअखेर रिकामी जागा हवी होती. काकू मुलीकडे, प्रतापनगरला जाणार होत्या. मुलगा हैदराबादला नोकरीत, त्याला पंधरा दिवसांची रजा.

तेवढ्यात रोपांचा एक व्यापारी आला आणि झाडांसकट सगळ्याचा एकरकमी भाव सांगून गेला. मुलाला तो बरा वाटला. ताईला, म्हणजे मुलीला, शंका आली. लहानपणी काकांनी एक निळा पॉट तिच्या हातात देऊन, "हा पडला तर तुझ्या कॉलेजची फी गेली," असं म्हटलेलं तिच्या लक्षात होतं. काकूंचं म्हणणं तिसरंच. "ह्या कुंड्यांपायी आम्ही बाप्पा किती भांडलो! आता त्या विकायच्या का ठेवायच्या ते तुम्ही ठरवा, पण फेकू नका."

ताईने ओळखीतून बोन्साय करणाऱ्या आम्हा काही जणांना बोलावलं. बिलं नव्हती. काकांची एक वही सापडली. तिच्यात पहिल्या काही वर्षांच्या नोंदी चोख होत्या: तारीख, किंमत, कुणाकडून घेतलं. पुढे मात्र नुसते शब्द, "तपकिरी लांबट, सुरेख" एवढेच. कोणता तपकिरी लांबट, हे सांगणारा माणूस आता नव्हता.

खरी अडचण इथेच होती. महाग पॉटची किंमत मातीत जितकी असते तितकीच तो कुणी घडवला, कुठून आला, कुणाच्या हातून फिरला या माहितीत असते. ती माहिती तुटली की उरते ती एक चांगली भाजलेली कुंडी. घर रिकामं करायच्या घाईत ही माहिती रोज थोडी थोडी तुटत होती. आम्ही पोचायच्या आधीच दोन गोष्टी घडून गेल्या होत्या.

एक, नागपूरच्या बोअरच्या जड पाण्याने पॉटवर पांढरे डाग साचले होते. ते जावेत म्हणून मुलाने दोन बिनग्लेझ पॉट फरशी धुवायच्या ॲसिडने घासले. डाग गेले, पण त्यांच्याबरोबर वरची कांतीही गेली. दोन्ही पॉट नवेकोरे आणि निर्जीव दिसू लागले. चांगल्याच हेतूने केलेलं हे काम होतं, कारण स्वच्छ वस्तूला जास्त भाव येतो हा साधा समज. जुन्या पॉटच्या बाबतीत तो उलटा पडतो.

दोन, वरच्या खोलीतल्या हलक्या लाकडाच्या रिकाम्या पेट्यांतल्या काही कबाड्याला गेल्या होत्या.

समोर असलेले पर्याय

व्यापाऱ्याला एकरकमी देणं सगळ्यात सोपं होतं आणि वेळेत बसत होतं. हा पर्याय मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. ज्या घरात कुणालाच वेळ नाही, तिथे तो खरोखर विचारात घ्यावा. पण भाव न पाहता सांगितलेला होता, आणि विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे माहीत नव्हतं.

दुसरा पर्याय मुलाने सुचवला: परदेशी ऑनलाइन लिलाव. निळ्या पॉटच्या बुडावर शिक्का होता. त्याने फोटो काढून शोध घेतला तर तो क्योतोच्या हेइआन तोफुकुजी (१८९०–१९७०) यांच्या शिक्क्यासारखा निघाला. बोन्साय पॉट करणाऱ्यांत यांच्याइतकं मोठं नाव दुसरं नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नावाचे खोटे पॉटही भरपूर फिरतात. याशिवाय एक बिनशिक्क्याचा तपकिरी चौकोनी पॉट होता. काकांच्या वहीत त्याच्यापुढे "चिनी, फार जुना" असं लिहिलेलं. चीनमधल्या यीशिंगच्या मातीचे असे जुने पॉट जपानी संग्राहक फार मानतात.

इथे थांबून विचार करावा लागला. आपल्याकडे पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्याच्या कक्षेत येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तपकिरी पॉट खरंच तेवढा जुना असेल तर तो बाहेर पाठवता येणार नाही, आणि जुना नसेल तर बाहेर पाठवण्याइतका भाव त्याला येणार नाही. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो, पण दाखला मिळाला की "फार जुना" हा दावाच संपतो. हे कागदावर मांडल्यावर मुलाने परदेशी लिलावाचा आग्रह स्वतःहून सोडला.

तिसरा पर्याय, सगळे पॉट घरात ठेवून झाडं साध्या कुंड्यांत लावून वाटून टाकायची. ताईला हा आवडला होता. पण मेमध्ये वडाची मुळं उघडी करायची म्हणजे झाड मारायचं. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही ४४-४५ म्हणजे नेहमीचं. अशा दिवसांत उथळ, गडद रंगाच्या पॉटच्या कडेची मुळं दुपारी भाजून निघतात. त्यात ती छाटली तर झाडाला उभारी धरायला काही उरत नाही.

चौथा पर्याय, ओळख पटवून, नोंद करून, इथल्याच छंदिष्टांना सावकाश विकायचं. त्याला वेळ लागणार होता, आणि घराला मेअखेरची मुदत होती.

काय केलं

पहिला निर्णय हाच, की पॉट आणि झाडं वेगळी करायची नाहीत आणि कशालाही पाणी-साबण लावायचा नाही. घर सोडायची मुदत वेगळी आणि विकायची मुदत वेगळी, हे एकदा लक्षात आलं तेव्हा अर्धी घाई ओसरली. झाडं होती तशी, पॉटला ओली पोती गुंडाळून, पहाटे टेम्पोने प्रतापनगरला नेली. ताईच्या गच्चीवर हिरवी नेट दुहेरी बांधली आणि पोती दिवसातून दोनदा भिजवत ठेवली.

मग नोंदवही. प्रत्येक पॉटला क्रमांक दिला. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेतली. फोटो समोरून, काठाचा, आतल्या भिंतीचा, पायांचा आणि बुडाचा. झाड असलेला पॉट उलटा करता येत नाही, म्हणून तो दोन विटांवर ठेवून खालून मोबाईल सरकवून फोटो काढले. शिक्के बहुतेक बुडालाच असतात. बुडावर आणखीही पुष्कळ कळतं. हाताने कापलेल्या पायांना सुरीची धार दिसते, साच्यातल्या पॉटला जोडाची रेघ असते. पाणी जायच्या भोकांची कड हाताने पुसलेली असेल तर ती मऊ लागते.

रिकाम्या पॉटना टिचकी मारून पाहिलं, इतवारीत माठ घेताना मारतो तशी. बाराशे अंशांच्या आसपास नीट भाजलेला पॉट स्वच्छ वाजतो. केसाएवढी भेग असली तरी आवाज बसतो. बाहेरून धडधाकट दिसणारे तीन पॉट असे बाद झाले. शंका असलेल्यांचं कोरडं वजन घेऊन, एक दिवस पाण्यात बुडवून पुन्हा वजन केलं. साधी भाजलेली माती दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, घट्ट भाजलेली अगदी थोडं. जपानी म्हणून घेतलेले दोन पॉट यात कच्चे निघाले. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे मात्र उत्तम उतरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीकडून करवून आणलेले काही पॉट होते, तेही बरे होते. ग्रामोदय संघामुळे तिकडे मातीकामाचं शिक्षण आणि काम कित्येक दशकं चालू आहे.

पेट्यांचा शोध काकूंमुळे लागला. जपानमध्ये चांगला पॉट किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत देतात. झाकणावर घडवणाऱ्याचं नाव, पॉटचं वर्णन आणि त्याचा ठसा असतो. पेटी म्हणजे पॉटचं जन्मपत्र. कबाड्याला गेलेल्या परत मिळाल्या नाहीत. पण काकू म्हणाल्या, "तशा पेट्या तर माळ्यावर आहेत. महालक्ष्म्यांचे हात आणि दागिने त्यातच ठेवते मी." माळ्यावर सहा निघाल्या, कोरड्या, कीड न लागलेल्या. मापं जुळवून त्यांतल्या पाचांचे पॉट सापडले. झाकणांवरची अक्षरं जपानी शिकवणाऱ्या एका बाईंनी वाचून दिली. दोन पेट्या तोकोनामेच्या कोयो भट्टीच्या निघाल्या. रंगीत ग्लेझसाठी ही भट्टी ओळखली जाते. घरात या दोन पॉटना "ते हिरवट" म्हणत आणि एकात कढीपत्त्याचं रोप लावलेलं होतं.

निळ्या पॉटची पेटी सापडली नाही. शिक्का अस्सल शिक्क्यांच्या फोटोंशी ताडून पाहिला. अक्षरांची ठेवण जवळची होती, दाब सगळीकडे सारखा नव्हता. ग्लेझ सुंदर होतं. यापुढे जाऊन "खरा" किंवा "खोटा" म्हणायला आमच्यातल्या कुणाचाही अधिकार पुरत नव्हता. वहीत "शिक्का तोफुकुजीसारखा, खात्री नाही" असं लिहिलं. मुलगा नाराज झाला. त्याच्या हिशेबात हा एक पॉट बाकी सगळ्यांइतका होता. पण खात्री नसताना मोठ्या नावाने विकला असता आणि घेणाऱ्याने उद्या विचारलं असतं, तर उत्तर ताईला द्यावं लागलं असतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न यानंतर आला. भाव कोण ठरवणार? पॉट ओळखणारे आम्ही, आणि विकत घ्यायची इच्छा असणारेही आम्हीच. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी हिरवट पॉट बाजूला ठेवायला सांगितलं होतं. त्याच्या मनात काळंबेरं नसेलही. पण दुःखातल्या घरी माहिती फक्त एका बाजूकडे असते तेव्हा हेतू पुरत नाही, नियम लागतो. नियम असा केला: ज्याने पारख करायला हात लावला त्याने या संग्रहातलं काहीही घ्यायचं नाही, नातेवाइकाच्या नावानेही नाही. दोघे जण तिथेच पारखीतून बाहेर पडले आणि खरेदीदार म्हणून थांबले. त्यांचा मला आदर वाटला. बाकीच्यांनी भाव सांगितला नाही, फक्त वस्तूची स्थिती लिहिली. विक्री बंद पाकिटांतून झाली. प्रत्येक पॉटचं नोंदीचं पान सगळ्यांना सारखंच पाठवलं, नागपूरसह पुणे आणि रायपूरच्या ओळखीच्या लोकांनाही.

झाडं पॉटमधून काढायला पावसाची वाट पाहिली. जूनच्या मध्यानंतर चांगल्या सरी पडल्यावर वड आणि उंबर घेतले. आत वळलेल्या काठाच्या पॉटमधून मुळांचा गोळा वर येत नाही. ओढला तर काठ तुटतो. तिथे पातळ करवत भिंतीलगत फिरवून मुळं कापली. वड ते सोसतो. एका मोठ्या चौकोनी पॉटपाशी मात्र सगळे अडले. काकांचा सगळ्यात जुना वड त्यात इतका भरला होता की मुळांच्या दाबाने एक कोपरा आधीच उकलला होता. पॉट वाचवायचा तर गोळ्याचा तिसरा हिस्सा काढावा लागणार होता, झाड वाचवायचं तर पॉट फोडावा लागणार होता. ताईने तिसराच मार्ग घेतला. तो विकायचाच नाही. कोपऱ्याला बाहेरून तांब्याची तार बांधून झाड आणि पॉट दोन्ही तसेच ठेवले. तज्ज्ञांच्या दृष्टीने हा निर्णय अर्धवट आहे, कारण भेग वाढणारच. तरी झाड तिच्या वडिलांचं होतं आणि निर्णयही तिचाच होता.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत विकायचे ठरवलेले बहुतेक पॉट गेले. एकूण रक्कम व्यापाऱ्याच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त झाली. त्यातला मोठा वाटा पेटीसह गेलेल्या पाच पॉटचा होता. ॲसिडने धुतलेले दोन्ही तोकोनामेचे होते, शिक्के स्पष्ट होते, तरी त्यांना तशाच न धुतलेल्या जोडीच्या निम्माच भाव आला. भद्रावतीचे आणि खुर्जाचे पॉट नवशिक्यांना नाममात्र किमतीत दिले. ते आज झाडांखाली आहेत.

चिनी म्हणून नोंदलेला तपकिरी पॉट विकला नाही. कायद्याचा प्रश्न आणि खात्रीचा अभाव, दोन्ही कारणं होती. निळाही ताईकडेच आहे. दोन झाडं दगावली: एक बोगनवेल हलवताना, आणि एक चिंच. चिंचेचा पॉट एका खरेदीदाराला लवकर हवा होता म्हणून ती पावसाला जोर येण्याआधी काढली. हा आग्रह मोडायला हवा होता, असं तिथे असलेल्या सगळ्यांचं नंतर मत पडलं.

काय वेगळं करता आलं असतं

काकांच्या हयातीत एक गोष्ट झाली असती तर बाकी पुष्कळ टळलं असतं: प्रत्येक पॉटच्या बुडाचा फोटो आणि त्याखाली चार ओळी. कधी, कुणाकडून, किती, पेटी कुठे. वही चोख सुरू झाली होती. पुढे सगळं डोक्यात राहिलं. मोठ्या संग्राहकांचं हे हमखास होतं, कारण त्यांना स्वतःला कोणता पॉट कोणता हे कधी विसरतच नाही. पॉटला क्रमांक लावायचा झाल्यास मऊ पेन्सिलीने आतल्या भिंतीवर, मातीखाली जाईल तिथे लिहावा. चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग बिनग्लेझ मातीत उतरतो.

पांढरे डाग काढायचेच असतील तर ओला करून मऊ ब्रशने, किंवा अगदी बारीक खोडरबराने हलक्या हाताने घासावे. आपल्याकडे काही जण चमक यावी म्हणून जवसाचं तेल लावतात. ते सुकताना चिकट थर धरतं आणि त्यावर धूळ बसते. जपानी लोक वापरतात ते कॅमेलियाचं तेल सुकत नाही आणि तेही ते नखभरच लावतात. डागांपेक्षा त्यांचं मूळ आधी बघावं. पावसाचं पाणी साठवून घातलं तर पॉट आणि झाड दोघांनाही बरं.

पारख करणाऱ्याने खरेदी करायची नाही हा नियम चौथ्या दिवशी ठरला. तो घरात पाऊल टाकायच्या आधी ठरायला हवा होता. मधल्या तीन दिवसांत मुलाच्या मनात आमच्याविषयी जी शंका आली, ती पाकिटं उघडेपर्यंत गेली नाही.

त्याच्याशी एका मुद्द्यावर अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, तिप्पट रक्कम आली खरी, पण ताईने एप्रिल ते ऑक्टोबर गच्चीवर पाणी मारलं, फोटो काढले, लोकांना उत्तरं दिली, पॅकिंग केलं, आणि त्याची मजुरी कुणी धरली? व्यापाऱ्याला दिलं असतं तर तिचे ते महिने वाचले असते. त्याचं म्हणणं बरोबर आहे. विक्रीची रक्कम तिघांत सारखी वाटली गेली आणि ताईने वेगळं काही मागितलं नाही. असा पुढचा संग्रह समोर येईल तेव्हा क्रमांक लावायला घेण्याआधी घरातल्या कुणाचे किती तास यात जाणार आणि त्याचा वाटा किती, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, असं आमच्या गटाने ठरवलं आहे.